दोन अंगणांमधले गुलाब

आक्का गेल्याची बातमी मला गुलाबाच्या झाडाकरवी मिळाली. वाचणाऱ्याला वाटेल, बाईंना काव्य सुचलंय. तसं काही नाही. माझं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवण्यात गेलं, काव्याचं आणि माझं कधी जमलं नाही. झालं ते एवढंच, की भाद्रपदातल्या त्या सकाळी मी अंगणात भांडी घासत बसले होते आणि पलीकडच्या घरातून आमचे भासरे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, बाहेर आले. दोन्ही अंगणांच्या मधोमध गुलाबाची जी ओळ आहे तिच्यापाशी येऊन थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. समोरच्या झाडाकडे बघत म्हणाले, "आक्का गेली म्हणावं." मग एक वाळकं पान उगाच तोडलं आणि आत गेले. मला रडू आलं ते मागाहून. आधी राग आला. बायको गेली, आणि हा माणूस झाडाला सांगतो!

पण त्यांची तरी काय चूक... आमच्या घरची रीतच तशी. धाकट्या सुनेनं भासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायचं नाही, त्यांनीही तिच्याशी बोलायचं नाही. काही सांगायचं झालंच तर मध्ये कोणीतरी धरायचं. लेकरू असलं तर लेकराला, नसलं तर गोठ्यातल्या गाईला, तीही नसली तर भिंतीला सांगायचं आणि शेवटी 'म्हणावं' जोडायचं. ज्याला ऐकायचं तो ऐकतो, रीतही मोडत नाही. लग्न होऊन डोंगरकडा या गावी आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. वर्गात साठ पोरांवर ओरडणारी मी, घरी येऊन गाईला सांगायची, "चहा झालाय म्हणावं." हळूहळू सवय झाली. सवय कशाचीही होते.

आक्का म्हणजे कुशावर्ताबाई, भासऱ्यांच्या पत्नी, माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांचं माहेर सिद्धेश्वरचं. वडील तिथल्या धरणावरच्या विश्रामगृहाची बाग बघायचे, त्यामुळे आक्कांचं बालपण गुलाबाच्या वाफ्यांत गेलेलं. तिथून त्या आल्या आमच्या घरात, जिथं फूल म्हणजे केळफूल आणि तेही भाजीसाठी. अंगणात हळद वाळायची, बैलगाडी सुटायची, तुरीच्या शेंगा बडवल्या जायच्या. एवढ्या मोठ्या अंगणात एक रोप लावायला मागितलं तर सासूबाईंनी विचारलं होतं म्हणे, "त्याला खायाला काय येतं?" आक्का हे सांगायच्या आणि खो खो हसायच्या. मी आले तेव्हा त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या गुलाबाला अजून जागा मिळाली नव्हती. जागा मिळाली नाही म्हणून त्या कुढत बसल्या नाहीत, की कोणाला टोमणा मारला नाही. मला मात्र या घरात जागा त्यांनीच करून दिली. नोकरी करणारी सून तेव्हा गावात नवलाची होती. सकाळी मी शाळेला निघायची तेव्हा सासूबाईंचं तोंड उत्तरेला असायचं आणि माझा डबा आक्कांच्या हातात. "जा तू, बस निघून जाईल. मागचं मी बघते." माझी आई मी लहान असतानाच गेली. त्यानंतर 'मागचं मी बघते' असं मला म्हणणाऱ्या त्या पहिल्याच.

जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. दोघा भावांत बिनसलं ते विहिरीच्या पाळीवरून. लाइट कधी यायची, कधी जायची, त्यात मोटार कोणाच्या केळीला आधी चालवायची यावर धुसफूस होतीच. एका दुपारी भासऱ्यांनी पाळी मोडून आपल्या बाजूला पाणी वळवलं. माझे यजमान रागाच्या भरात म्हणाले, "नुसतं आधी जन्मल्यानं कोणी थोरलं व्हत न्हाई." चार माणसांसमोर म्हणाले. भासरे पायात वहाणसुद्धा न घालता घरी आले आणि सासूबाईंना म्हणाले, "उद्या वाटणी." झाली वाटणी. शेत वाटलं, गुरं वाटली, घराच्या खोल्या वाटल्या. सासूबाई आमच्याकडे आल्या, पण दुपारी पलीकडे जेवायच्या. उरलं अंगण. तिथं भिंत घालायची ठरलं. भासऱ्यांनी स्वतः चुन्याची फक्की घेऊन मधोमध रेघ ओढली. विटा यायला अवकाश होता, तोवर बाभळीचे काटे आणून कुंपण करा म्हणून त्यांनी गड्याला सांगितलं. भावाचं तोंड तोवर तरी कशाला बघायचं!

तेव्हा आक्का मध्ये पडल्या. "बाभळी काहून आणता? लेकराच्या पायात मोडतेत. मी लावते की काटेरी झाडं." भासऱ्यांना त्या वेळी कुठलं झाड आणि कुठलं काय, भिंतीखेरीज काही दिसत नव्हतं. ते हो म्हणाले. आक्का सिद्धेश्वरला गेल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्यांचा आणि कलमी रोपांचा हा एवढा भारा मांडीवर घेऊन एसटीनं परतल्या. अंगावर काट्यांचे ओरखडे, आणि चेहरा असा, की नवी नवरीसुद्धा इतकी खुलत नाही. सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, "दारात काट्याचं झाड लावू न्हाई, घरात भांडण येतं!" आक्कांनी भारा खाली ठेवला. "भांडण तर आधीच येऊन बसलंय आत्याबाई. आता काटा बिचारा आणखी काय आणील?"

आणि मग त्यांनी जी आखणी केली ती बघण्यासारखी होती. मला फुलांचं वेड नाही, आजही नाही. पण आखणी मला कळते. फक्कीची रेघ होती तिथंच त्यांनी चर खणला, जुनं शेणखत आणि पालापाचोळा भरला आणि रेघेवर मधोमध गुलाब लावले. मागच्या हौदाच्या बाजूला देशी गुलाबी, ज्याचा गुलकंद होतो तो. तो दांडगा, कसाही वाढतो. पुढं दाराच्या बाजूला कलमी, लाल आणि पिवळे, नजरेसमोर राहावेत म्हणून. मला वाटलं झालं, आता पाणी घालायचं. तर म्हणाल्या, "नुसता गुलाब लावला तर त्याला करमत न्हाई. त्याला संगतीला कोणीतरी पायजे." आमच्या अंगणाला सकाळचं ऊन, म्हणून आमच्या बाजूच्या काठाला लसूण आणि कांदा. लसणाच्या वासानं मावा कमी येतो. त्यांच्या अंगणाला तिपारचं, म्हणजे दुपारनंतरचं ऊन, तिकडे झेंडू, कारण झेंडूमुळे गुलाबाच्या मुळांना गाठी कमी होतात. झेंडूच्या मधून मधून शेपू, आणि तो भाजीला न खुडता फुलू द्यायचा. शेपूच्या पिवळ्या छत्र्यांवर ते लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे येतात आणि गुलाबावरचा मावा खाऊन टाकतात. मोरीचं पाणी निघतं तिथं पुदिना, पण फुटक्या रांजणात, नाहीतर तो सगळं अंगण गिळेल. मी म्हणाले, "आक्का, म्हणजे आमी लसूण न्हाई लावला तर तुमचा गुलाब आजारी पडणार?" त्या माती चेपत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा कसा? मधल्या वळीला मालक न्हाई. तू लसूण सोडला तर माझं नुकसान, मी झेंडू सोडला तर तुझं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई कुंपण घालत नव्हती. दोन्ही घरांना एका कामाला जुंपत होती.

भिंत काही झाली नाही. भासऱ्यांनी विषय काढला की आक्कांकडे कारण तयार. पावसात भिंत टिकत न्हाई. आता छाटलंय, कोंब आलेत, कोंबावर विटा कशा टाकायच्या? आता कळ्या धरल्यात, देवाच्या फुलांवर पाय देता का? आता लगीनसराई, गवंडी मिळत न्हाई. असं करत करत गुलाब छातीएवढे झाले आणि भासरे भिंतीचं बोलायचे थांबले. भावाशी मात्र बोलले नाहीत. दोन्ही भाऊ सकाळी आपापल्या दारात दात घासत उभे राहायचे, मध्ये फुललेले गुलाब, आणि एकाची मान पूर्वेला तर दुसऱ्याची पश्चिमेला. मला दोघांचाही राग यायचा. वर्गात असते तर दोघांना कान धरून एका बाकावर बसवलं असतं.

एकदाच गंमत झाली. आमच्याकडच्या माणसाला मोकळी जमीन बघवत नाही, वीतभर जागा दिसली की हात हळदीचं बेणं शोधतात. एका मृगात यजमानांनी कोणाला न विचारता लसूण निघालेल्या वाफ्यात, थेट गुलाबाच्या पायाशी, हळद खोचून टाकली. वर तिला रोज बादल्या भरभरून पाणी. हळद अशी माजली, की भाद्रपदात पानं कमरेला लागली. इकडे गुलाबाचे पाय सदा ओले, वारा नाही, ऊन नाही. पानांवर काळे ठिपके पडले, पिवळी होऊन गळायला लागली, कळी म्हणून नाही. एका सकाळी भासऱ्यांना राहवलं नाही. ते ओळीपाशी आले आणि झाडाला मोठ्यानं म्हणाले, "हळदीला पाणी पाजू पाजू गुलाब बुडवून राहिलेत म्हणावं!" यजमान मोटारसायकल पुसत होते. त्यांनी फडकं आपटलं आणि ओळीतल्या दुसऱ्या झाडाला सुनावलं, "ज्यांनी कवा या वळीत खुरपं लावलं न्हाई त्यांनी शिकवू न्हाई म्हणावं!" "खुरपं? ह्याला खुरपं धरायला शिकवलं कोणी म्हणावं!" "शिकवलं, अन् पाळी कोणी मोडली ते बी सांगा म्हणावं!" चांगला पाव तास चाललं. गुलाबानं बिचाऱ्यानं दोन्हीकडून ऐकून घेतलं. सासूबाई ओसरीवरून विचारत होत्या, "बोलून राहिलेत का भांडून राहिलेत गं?" आक्का तोंडाला पदर लावून पायरीवर बसल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होत्या. "दोनी, आत्याबाई, दोनी!" नंतर मला म्हणाल्या, "भांडले तरी बोललेच की सुमन. येवढ्या वर्षांत पयल्यांदा." त्या दिवशी त्यांच्या अंगात निराळंच वारं होतं. सांजच्याला त्यांनी पुरणपोळी केली, सणवार काही नसताना.

हळद उपटली गेली. आणि दिराला शिक्षा म्हणून आक्कांनी त्या वर्षीपासून छाटणीची कात्री त्यांच्या हातात दिली. "भावजी, तुमी आपल्या बाजूची छाटायची, मी माझ्या." दसरा झाला की छाटणी. एकाच सकाळी दोन्ही बाजूंनी, कारण अर्धं झाड छाटून अर्धं ठेवता येत नाही. आक्का समोर उभ्या राहून दाखवायच्या, कुठल्या डोळ्याच्या वर कापायचं, काप तिरका कसा द्यायचा. भासरे त्या सकाळी नेमके शेतात जायचे. हे दर वर्षी. आक्का सकाळी उठल्यापासून वाट बघायच्या की आज तरी ते थांबतील. चहा पुन्हा पुन्हा गरम करायच्या. ते वहाणा घालून निघाले की तो चहा मोरीत ओतायच्या आणि कात्री घेऊन बाहेर यायच्या.

त्या ओळीत बसूनच आमच्या सगळ्या गोष्टी झाल्या. मी इकडून लसणातलं तण काढायची, त्या तिकडून झेंडूतलं. मध्ये पानांतून त्यांचा अर्धा चेहरा दिसायचा. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही तिथंच बसून रडलो, कारण घरात माणसं होती. मुलीचं लग्न ठरल्याचं मी घरात सांगायच्या आधी तिथं सांगितलं. त्या लग्नाला भासरे येणार नाहीत हे गावाला माहीत होतं, मलाही. आक्का आल्या, राबल्या, वरमाईचे पाय त्यांनीच धुतले. हळदीच्या सकाळी मात्र ओळीपाशी एक टोपलं ठेवलेलं दिसलं. गुलाबाची सगळी फुलं, एकही मागे न ठेवता, देठ लांब ठेवून कापलेली. आक्का मांडवात माझ्याजवळ होत्या, म्हणजे ती कोणी कापली ते उघड होतं. यजमानांनी टोपल्याकडे पाहिलं आणि उचलून आत नेलं. मला वाटलं होतं, आता तरी हा माणूस पलीकडे जाईल. गेले नाहीत. आक्का मला म्हणाल्या, "जाऊ दे. फुलं तर आली." पण त्यांचा आवाज बसला होता, आणि तो लग्नाच्या गडबडीनं नव्हे.

गेल्या वर्षापासून त्या थकत चालल्या होत्या. पाय सुजायचे. नांदेडच्या डॉक्टरांनी किडनीचं सांगितलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडच्या खेपा सुरू झाल्या. रंग काळवंडला, बोटांतली अंगठी गळून पडायला लागली. तरी परत आल्या की स्टुलावर बसून गुलाबाकडे बघायच्या. खुरपं हातात धरवत नव्हतं, म्हणून मला तोंडानं सांगायच्या, "तो वाळला बग. त्येच्या खालचं पान काढ." शेवटी त्यांनीच नांदेडला जायचं नाकारलं. "पुरे झालं. तकलीफ माझी, अन् हाल समद्यांचे." त्या जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते. खाट दाराशी ओढून घेतली होती, बाहेरचं दिसावं म्हणून.  मग म्हणाल्या, "सुमन, मी भिंत होऊ दिली न्हाई. येवढंच जमलं बग माज्याच्यानं. त्या दोघाला बोलतं करायचं व्हतं... ते न्हाई जमलं." मी म्हणाले, "बोलतील की आक्का, आज ना उद्या." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुला खोटं बोलता येत न्हाई. गणितवाली हायस तू." आणि हसल्या. मला हसू आलं नाही. त्यांनी उभं आयुष्य ज्यासाठी घातलं त्याचं उत्तर शून्य आलं होतं आणि ते आम्हा दोघींना समोर दिसत होतं.

मौतीला दोघं भाऊ तिरडीच्या पुढच्या दोन बाजूंना होते. खांद्याला खांदा, पण शब्द नाही. मी मागून बघत होते. इतकी वर्षं जिनं दोघांना जवळ आणायला जिवाचं रान केलं, तिला उचलून नेताना ते जवळ आले, आणि तरी तोंड उघडलं नाही. तेरावा झाला. लेकी-सुना आपापल्या गावी गेल्या. मग एके दिवशी पलीकडे ट्रॅक्टर आला आणि गोठ्याच्या कडेला विटा उतरल्या. मी शाळेतून आले ते विटांचा ढीग बघून दारातच बसले. भासरे गावात कोणाला तरी म्हणाले होते, की आता बघणारं कोणी राहिलं नाही, काटे वाढतील, भिंत घालून टाकतो. यजमानांनीही ऐकलं होतं. "घालू दे. त्याची बाजू हाय," म्हणाले. त्या रात्रीचा स्वयंपाक मी केला नाही. पुढचे दिवस मी शाळेत निघताना एकदा आणि आल्यावर एकदा ओळ आहे ना बघून घ्यायची. आक्कांच्या मागचं बघायची पाळी आता माझी होती. आणि मी काय करणार होते? भासऱ्यांशी मला बोलता येत नव्हतं, आणि ज्याला बोलता येत होतं तो बोलणार नव्हता.

दसरा झाला. त्यानंतरच्या रविवारी सकाळी कात्रीचा आवाज आला म्हणून मी धावत बाहेर आले. भासरे ओळीत उभे होते, आक्कांची कात्री हातात, आणि खटाखट कापत सुटले होते.  भिंतीसाठी जागा मोकळी करतायत! पण नीट पाहिलं तर ते बुडातून तोडत नव्हते. एक फांदी धरायची, ती निरखायची, काप तिरका द्यायचा, मग मागं सरून बघायचं. आक्का करायच्या तसंच. लांबून कधीतरी ते बघत असले पाहिजेत. फक्त सगळं चुकत होतं. कलमी गुलाबाच्या बुडाशी, कलम बांधतात त्याच्या खालून, रानटी फुटवे येतात. दिसायला जोमदार, सरळसोट, हिरवेगार. ते काढायचे असतात, नाहीतर ते वरचं कलम खाऊन टाकतात. भासरे नेमके ते तेजदार फुटवे जपत होते आणि खरा गुलाब रोड दिसतो म्हणून कापत होते. शेतकरीच तो, जोमाचं रोप त्याला तोडवणार कसं? मी पदर डोक्यावर घेतला आणि ओळीतल्या झाडाला म्हणाले, "खालचा फुटवा काढावा म्हणावं." त्यांनी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. कात्री चालूच. या वर्षा-दोन वर्षांत त्यांना कमी ऐकू येतं हे आक्का सांगायच्या, ते मी विसरले होते. समोर लाल गुलाबाची शेवटची चांगली फांदी होती. त्यांनी ती धरली.

ओसरीवर यजमान पेपर वाचत होते. म्हणजे पेपर धरून बसले होते. तो त्यांनी खाली ठेवला, उठले, वहाणा न घालताच अंगण ओलांडून ओळीपाशी गेले आणि पलीकडे हात घालून भावाचं मनगट धरलं.

"दादा, तो न्हाई. त्येच्या खालचा."

भासरे थांबले. भावाकडे बघितलं. मला वाटलं आता हात झिडकारतील. "कोणता?" त्यांनी विचारलं.

"ह्यो. जमिनीतून आलेला. ह्यो रानटी हाय, समदं खाऊन टाकतो."

"मला वाटलं ह्योच चांगला."

"समद्यांला तसंच वाटतं," यजमान म्हणाले, आणि आत येऊन आपली कात्री घेऊन गेले.

मग दोघं ओळीच्या दोन बाजूंनी छाटत गेले. फार बोलणं नाही. "ह्यो?" "व्हय." "येवढा ठिवू?" "ठिवा." मी दारात उभी होते. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला इतका संताप आला, की दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिले. एवढंच होतं तर! 'दादा, तो न्हाई.' हे तीन शब्द ऐकायला ती बाई किती छाटण्यांना चहा गरम करत बसली. महिनाभर आधी बोलला असतात तर तुमच्या जिभेला काय काटे टोचले असते? मी हे मोठ्यानं म्हणाले नाही. आता म्हणून कोणाला ऐकवायचं...

अर्ध्यावर आल्यावर यजमानांनी कपाळ पुसलं आणि विटांकडे न बघता विचारलं, "भिंत घालायची हाय ना? मंग छाटून काहून राहिलात?"

भासरे फांदी निरखत होते. "आता छाटलं म्हणजे कोंब येतेत. कोंबावर विटा कशा टाकायच्या?" म्हणाले. मग पुढची फांदी धरत म्हणाले, "बघू मंग, पुढच्या साली."

छाटणी झाली की गुलाब गुडघ्याएवढे राहतात आणि दोन्ही अंगणं एकमेकांना लख्ख दिसायला लागतात. आक्कांची पायरी दिसत होती, त्यांची खाट उभी करून भिंतीला लावलेली दिसत होती. दोघं भाऊ शेवटच्या झाडापाशी पोचले, पाठ सरळ केली, आणि भासऱ्यांनी उघड्या वाफ्याकडे बोट दाखवलं. "लसूण कवा लावायचा आता? लगीच का पाणी दिल्यावर?" यजमानांनी डोकं खाजवलं. त्यांना माहीत नव्हतं, ते काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. आणि मग दोघांनीही, एकाच वेळी, विचारायला म्हणून आक्कांच्या दाराकडे मान वळवली.

दार उघडं होतं. कोणी आलं नाही. दोघंही तसेच बघत राहिले, कात्र्या हातात धरून.

मी पायरी उतरले. ओळीपाशी जाऊन उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा भासऱ्यांच्या तोंडाकडे बघून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "लसूण मी आजच लावते. तुमी तेवढा झेंडू बघा."